भुरीच्या पाठीचं माप

३ जानेवारी

दादा,

नमस्कार शेवटी घालतो, आधी भांडण उरकू दे. मागच्या पत्रात मी सरळ विचारलं होतं, उन्हाळ्यात घरी येऊ का. त्यावर तू दुकानाच्या छपराबद्दल पानभर लिहिलंस. त्याआधी विचारलं तेव्हा तुला सर्दी झाली होती. मी काय तुझ्या नाकाची चौकशी केली होती? ये म्हणायचं असेल तर ये म्हण, नको असेल तर नको म्हण. एवढा मोठा माणूस तू, आणि उत्तर द्यायची वेळ आली की मांजरासारखा माळ्यावर.

"ताईचं मन अजून तयार नाही," हे तू तिसऱ्यांदा लिहिलंस. दोन वर्षं झाली, दादा. चूक माझी होती हे मी कधी नाकारलं? भुरीचं माप मी घेतलं. त्याच आठवड्यात रायडिंग स्कूलच्या वीस घोड्यांची मापं पण मीच घेत होतो, त्या गडबडीत तिच्या पानावर काय लिहिलं तेही मला आठवत नाही. तूच नंतर समजावलंस की घोडी आजारातून उठलेली होती, मी हडकलेल्या पाठीचं माप घेऊन मोकळा झालो, ती पुन्हा भरेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. खोगीर तयार होईपर्यंत ती भरली, आतला लाकडी सांगाडा तिच्या खांद्यांत रुतायला लागला, आणि टपालाची पिशवी घेऊन उतार उतरताना तिने ताईला फेकलं. ताईचा पाय कायमचा आखूड झाला. मान्य. सगळं मान्य. तुम्हा दोघांसमोर उभं राहवेना म्हणून चौथ्या दिवशी मी घर सोडलं. पण लाजेला काही मुदत असते की नाही?

ताईला मी सहा पत्रं लिहिली. एकाचं उत्तर नाही. रागवायचं तर रागावून लिही म्हणावं. शिव्या चालतील.

इथलं सांगतो. चाळीस घोड्यांचा तबेला आहे. खोगिरांच्या खोलीवर माझी खोली. नालबंद माझ्या शेजारी झोपतो आणि घोरताना भाता चालवल्यासारखा आवाज करतो. खोगिरांच्या कारखान्यात आम्ही सहाजण, त्यातली तीन नुसती खोगीरभरती. उरलेल्यांत उस्ताद, मी, आणि एक शिवणारी बाई. उस्तादाने पहिलं वर्ष मला फक्त मापाची तार वाकवायला लावली. सकाळी तार, दुपारी तार. मी प्रत्येक घोड्याची पाठ तीनदा मोजतो. उस्ताद म्हणतो, "काय रे, घोड्याला गुदगुल्या करतोस का?" त्याला काय माहीत.

तर आता एका शब्दात उत्तर दे. घरी येऊ का?

आणि हा घे नमस्कार.

बारक्या


२१ जानेवारी

बारक्या,

पत्र मिळालं. तोंड सुटलंय तुझं. इथे असतास तर एक ठेवून दिली असती, पण तू सुरक्षित अंतरावरून लिहितोस.

एका शब्दात उत्तर पाहिजे ना? नको.

यंदा येऊ नकोस. ताई आता कुठे स्थिरावली आहे. टपाल कचेरीत बसून शिक्के मारते, काठी घेऊन जाते, काठी घेऊन येते. तुला बघितलं की तिला पुन्हा तो उतार दिसेल. तुझी पत्रं आली की ती दोन दिवस नीट बोलत नाही. म्हणून म्हणतो, तिला लिहू नकोस. जे सांगायचं ते मला लिही, मी योग्य वेळ बघून सांगीन.

मी तुला दोष देत नाही. त्या वेळी तू पोरसवदा होतास, हात कच्चा होता. लोकांनीही मनाला लावून घेतलं नाही. दुकान चाललंय. रायडिंग स्कूलने पुन्हा काम दिलंय. मी एकटा पडतो, पण निभावतो.

काम शीक. तब्येतीची काळजी घे. उगाच जीवाला खात बसू नकोस.

दादा


११ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र दादाला माहीत नाही. तू त्याला कळवू नकोस.

दोन वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कामासाठी. काय म्हणशील ते म्हण.

जुलैपासून वरच्या वस्त्यांचं टपाल पोचवायचा माझा रस्ता कायमचा दुसऱ्याला देणार आहेत. पोस्टमास्तर भला माणूस आहे. म्हणाला, "बाई, जूनअखेर घोडीवरून एकदा वर जाऊन खाली येऊन दाखवा, रस्ता तुमचा. नाहीतर मग मला इलाज नाही." मला जायचं आहे. शिक्के मारून मारून माझ्या स्वप्नात पण आता तारखा येतात.

भुरी चांगली आहे. दादाने मला नवं खोगीर करून दिलं. माझा डावा पाय दोन बोटं आखूड, म्हणून त्याने डाव्या बाजूची गादी जाड भरली, मी सरळ बसावं म्हणून. अंगणात बसले तर बरं वाटतं. पण चार पावलं चाललं की खोगीर उजवीकडे सरकतं आणि भुरी कान मागे टाकते. काल मी चढायला गेले तर तिने माझी बाही दातांत धरली. ती कधी चावत नाही, तुला माहीत आहे.

दादाला सांगितलं तर म्हणतो, "बसेल, भर बसेल. थोडा दम धर." मला दम धरायला वेळ नाही आणि आता त्या उतारावर अंदाजाने जायची हिंमतही नाही.

तू सांग काय करू. पत्र घरच्या पत्त्यावर नको, कचेरीच्या पत्त्यावर टाक. तसंही सगळं टपाल मीच लावते.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि हातातली आरी चामड्याऐवजी अंगठ्यात घातली. उस्ताद ओरडला, "मेला कोण?" मी म्हटलं, कोणी नाही, उलट. त्याने अर्धा दिवस सुट्टी दिली. मी ती सुट्टी तुझं पत्र अकरा वेळा वाचण्यात घालवली. बाकी काही विचारत नाही. तू लिहिलंस, बस्स.

आता कामाचं. दादाने केलं ते प्रेमाने केलं, पण चुकीचं आहे. त्याला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून. इथे उस्ताद पहिल्या दिवशी शिकवतो: खोगिराची खालची बाजू घोड्याची, वरची स्वाराची. खालच्या बाजूला स्वाराचा काही हक्क नाही. पाय आखूड तुझा, भुरीचा नाही. तिच्या डाव्या अंगावर जादा गादी दाबते, म्हणून ती खोगीर उजवीकडे ढकलते आणि तुझी बाही धरते. ती चावली नाही, तक्रार केली.

ते खोगीर घालूच नकोस. मी नवं करतो. उस्तादाने चामडं द्यायचं कबूल केलंय, मी ते जादा वेळ काम करून फेडीन. पण मापं तुला घ्यावी लागतील. बरोबर घे, माझं काही नशीब चांगलं नाही मापांच्या बाबतीत.

भुरीला सपाट जागी उभी कर, चारही पाय सरळ, मान खाली घालून खाऊ देऊ नकोस. दुकानातली मऊ शिशाची तार घे, दादाची नको, खिडकीतल्या डब्यात माझी जुनी असेल. खांद्याच्या हाडामागे तीन बोटं सोड आणि तिथे तार पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी दाब, अंगाला अंग लागेल अशी. मग अलगद उचल, कागदावर ठेव, आतल्या कडेने पेन्सिल फिरव. तसंच पाठीच्या मध्ये, आणि शेवटच्या बरगडीपाशी. तीन रेषा. प्रत्येकीवर डावं-उजवं लिही. एकदा झालं की पुन्हा कर, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर तिसऱ्यांदा.

आता तुझं. कडक स्टुलावर बस, पाठ भिंतीला टेकव. पोट आत घेऊ नकोस, मला माहीत आहे तू घेणार. भिंतीपासून गुडघ्यापर्यंत दोरा लाव आणि गाठ मार. दोन्ही पायांचा वेगळा. गुडघ्यापासून टाचेपर्यंत वेगळा. असे चार दोरे. रिकिबीचे पट्टे मी त्यावरून कापतो, डाव्या बाजूचा आखूड, आणि डाव्या रिकिबीत चामड्याचा जाड तळ बसवतो. तू सरळ बसशील आणि भुरीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आणि जमलं तर बाबांच्या मापवहीत भुरीचं जुनं पान असेल, मी घेतलेलं, ते पण नकलून पाठव. तेव्हा ती किती हडकली होती आणि आता किती भरली ते मला बघायचंय. माझी चूक नेमकी केवढी होती, एक बोट की दोन, हे मला एकदा डोळ्यांनी बघू दे.

तुझा (आता लिहायला हरकत नाही ना?)
बारक्या


१९ मार्च

बारक्या,

मापं सोबत आहेत. भुरीने तारेला आधी हुंगलं, मग उभी राहिली. दोनदा घेतलं, दोन्ही वेळा रेषा जुळल्या. दोऱ्यांना चिठ्ठ्या बांधल्या आहेत. पोट आत घेतलं नाही. घेतलं होतं, मग सोडलं.

मापवही दादा कपाटात ठेवतो, किल्ली त्याच्या कमरेला. गेल्या रविवारी तो रायडिंग स्कूलमध्ये खोगिरं पोचवायला गेला तेव्हा किल्ली विसरला. नक्कल करत बसले नाही. पानच काढून पाठवते. मी ते उलटून बघितलेलं आहे. तूही बघ.

जास्त लिहीत नाही. डोकं दुखतंय.

ताई


५ एप्रिल

दादा,

माझ्यासमोर टेबलावर भुरीच्या खांद्यामागच्या तीन रेषा आहेत. दोन गेल्या महिन्यातल्या, एक दोन वर्षांपूर्वीची. तिन्ही एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. उस्तादाला बोलावलं. त्याने चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाला, "ही काय एकाच दिवशी घेतली का?"

भुरी हडकलेली नव्हती, दादा. मी माप घेतलं तेव्हा ती होती तेवढीच आजही आहे. मी पानाच्या कोपऱ्यात तीन टिंबं काढली आहेत. तीन, म्हणजे रुंद सांगाडा. बाबांनी आपल्याला शिकवलेली पहिली गोष्ट, एक टिंब अरुंद, दोन मधला, तीन रुंद. माझी टिंबं आहेत, मला माझी टिंबं ओळखू येतात, मी पेन्सिल दाबून फिरवतो.

आणि पानाच्या मागे तुझं अक्षर आहे. खोगीर बंद करणाऱ्याने आत काय घातलं ते मागे लिहायचं, हा पण बाबांचाच नियम. तू लिहिलंस: "दोन टिंबं दिली. भर जादा."

दोन टिंबं दिली. भर जादा.

अरे, आधीच अरुंद पडणाऱ्या सांगाड्यात भर जादा घातली तर तो आणखी आवळतो, हे मला आता कळतं, तुला तेव्हाही कळत होतं. तू वीस वर्षं हे काम करतोयस. घट्ट बुटात जाड मोजे घालून कोणी उतार उतरतं का? तू ताईला उतरायला लावलंस.

दोन वर्षं मी प्रत्येक घोड्याची पाठ तीनदा मोजतोय. कोणी पाठीवर थाप मारून "छान बसलं खोगीर" म्हणालं की मला वाटतं, आता पडेल, आता हा माणूस पडेल. तू मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतंस, "असू दे, होतं माणसाकडून." तो हात कशाला ठेवलास रे?

हे पान मला कसं मिळालं ते विचारू नकोस. मला फक्त एक सांग. का?

बारक्या


२५ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

तीन टिंबांचा एकच सांगाडा उरला होता. सुताराने माल द्यायला उशीर केला. तो एक भुरीसाठी बाजूला ठेवला होता. स्कूलचा मॅनेजर दुकानात ठाण मांडून बसला, विसावं खोगीर आत्ता हातात द्या, नाहीतर एकोणीस पण परत. मी तो सांगाडा त्याला दिला. भुरीला दोनचा घातला, वर भर घातली. वाटलं, ताई तिला पंधरा दिवस फक्त कचेरीपर्यंत नेईल, तोवर माल येईल, मी गुपचूप बदलून टाकीन. तिसऱ्याच दिवशी वरच्या वस्तीवर औषधाचं पार्सल न्यायचं निघालं. मी दारात उभा होतो. तिला थांबवायला माझं तोंड उघडलं होतं, बारक्या. मॅनेजर हिशोब चुकता करायला आलेला, समोरच होता. मिटलं.

मागे लिहिलं ते सवयीने. हात चालतो. नंतर ते पान फाडायला दोनदा गेलो. बाबांच्या वहीचं पान फाडवलं नाही.

लोकांना कळलं असतं की दुकानाच्या मालकाने जाणूनबुजून सख्ख्या बहिणीखाली चुकीचं खोगीर घातलं, तर कोणी साधा पट्टा शिवायलाही फिरकलं नसतं. पोराची चूक लोक विसरतात. विसरले पण. तुझ्याबद्दल इथे कोणी वाईट बोलत नाही. मला वाटलं तू महिनाभर रुसून बसशील. तू निघूनच गेलास. मग सांगायचं कोणाला आणि कसं?

पण सगळा राग माझ्यावर काढू नकोस. ताईला पहिल्यापासून माहीत आहे. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. तीच म्हणाली, बारक्याचं नाव सांग, तो लहान आहे, त्याला कोणी काही करणार नाही. विश्वास नसेल तर तिला विचार.

दादा


९ मे

ताई,

दादाचं पत्र आलं. तो म्हणतो तुला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. तो म्हणतो माझं नाव तू सुचवलंस.

खोटं आहे एवढं लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस. मी वाट बघतोय.

बारक्या


२७ मे

बारक्या,

खोटं आहे असं लिहिता येत नाही.

माझ्या आठवणीत ते थोडं वेगळं आहे. पायाला वजन लावून टांगलेलं होतं. दादा खाटेपाशी रडत होता. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता. म्हणाला, "दुकान गेलं. स्कूलवाले विचारतायत कोणाची चूक." मग म्हणाला, "माप बारक्याने घेतलं होतं." नुसतं एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "हो, त्याने घेतलं होतं." त्यानंतर कोण काय म्हणालं ते मला नीट आठवत नाही. तो म्हणतो मी सुचवलं, तर सुचवलं असेन. मी नको म्हणाले नाही, हे मात्र मला स्पष्ट आठवतं.

तू त्याच्या दुसऱ्या दिवशी आलास. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणालास, "ताई, माझ्यामुळे." मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तुला वाटलं रागाने. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

मी हिशोब केला होता, मनातल्या मनात. दुकान बुडालं तर आपण तिघं बुडतो. तुला दोन महिने टोमणे खावे लागतील, मग सगळं मागे पडेल, मग एक दिवस मी तुला सांगीन. तू निघून जाशील हे माझ्या हिशोबात नव्हतं. तू गेलास आणि मग रोज एक दिवस उशीर होत गेला.

तुझी सहा पत्रं आली. कचेरीत पिशवी उलटी करते ती मीच. सहाही माझ्या हातातून गेली. दादाने एकही अडवलं नाही, त्याच्यावर ते ढकलत नाही. मी ती फडताळात ठेवली. वाचली. प्रत्येकात तू माफी मागितली आहेस.

पान मी जाणूनबुजून पाठवलं. तू नक्कल मागितली होतीस, पुढच्या बाजूची. मी ठरवलं, लिहिता येत नाही तर निदान हे पाठवावं. त्यातही मी कच खाल्ली. "डोकं दुखतंय" असं लिहिलं. डोकं दुखत नव्हतं.

तू म्हणशील, मग खोगीर माझ्याकडे कशाला मागितलंस. कारण ज्याच्यावर मी खोटा आळ घातला तोच एक आहे ज्याच्या मापावर मी डोळे मिटून तो उतार उतरेन. मला दुसरं कोणी सुचलं नाही. हे किती निर्लज्जपणाचं आहे ते मला कळतं.

आता मी सगळ्यांना सांगायला तयार आहे. पोस्टमास्तरला, स्कूलच्या मॅनेजरला, दादाच्या तोंडावर. तू ये. तू उभा राहा, मी सांगते. खोगीर नाही दिलंस तरी चालेल. तू ये.

ताई


१४ जून

ताई,

खोगीर आजच्या गाडीने पाठवलं. पेटीत गवत भरलंय, ते भुरीला घालू नकोस, धुळीचं आहे.

पहिल्या दिवशी अर्धा तास, सपाटीवर. उतरलीस की लगेच खोगीर काढ आणि पाठ बघ. घाम दोन्ही बाजूंना सारखा यायला पाहिजे. ओल्या पाठीत कुठे कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय, त्या दिवशी थांब. ठिपका नसेल तर दुसऱ्या दिवशी एक तास, मग छोटा चढ, आणि उतार सगळ्यात शेवटी. पोटाखालचा तंग आवळताना एकदम आवळू नकोस, तीन वेळा थोडं थोडं. डाव्या रिकिबीतला तळ दोन बोटांचा आहे, तुझ्या दोऱ्याप्रमाणे. बूट नवे घेतलेस तर तो बदलावा लागेल. सांगाडा तीन टिंबांचा आहे. सांगाड्यावरच लिहून ठेवलंय, बघायचं तर गादी उसवून बघ.

उस्तादाने स्वतः बसून बघितलं. उठून नुसतं "हं" म्हणाला. तो "हं" कोणाला म्हणत नाही.

मी खोगीर का पूर्ण केलं ते मला धड सांगता येत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा शिवण अर्धी राहिली होती. दोन दिवस ते तसंच खुंटीवर होतं. नालबंद म्हणाला, "विकून टाक, चांगलं आहे." गिऱ्हाईक पण होतं. पण भुरीच्या पाठीच्या त्या तीन रेषा भिंतीवर लावलेल्या होत्या, आणि तिने माझं काही वाईट केलेलं नाही. उलट दोन वर्षं मी मनातल्या मनात तिलाही थोडा दोष देत होतो.

दादाचं मला कळतं. त्याला दुकान होतं, मॅनेजर होता, भीती होती. तो आधीपासून तसाच आहे, बाबांच्या मागे लपणारा. त्याच्यावर मी चिडेन, शिव्या देईन, कधीतरी विसरेन पण. तुझं कळत नाही. मी खाटेपाशी उभा होतो. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस आणि मी ते तोंड दोन वर्षं बघत आलो. कामाला हात लावला की तेच दिसायचं. मला वाटायचं माझ्या हातातच काही खोट आहे, ती कधी जाणार नाही. तू एका ओळीने ती काढू शकत होतीस. पोस्टकार्ड पुरलं असतं. तुझ्या टेबलावर पोस्टकार्डांचा ढीग असतो.

तू म्हणतेस ये, मी सगळ्यांना सांगते. सांग की. त्याला मी कशाला उभा पाहिजे? दोष घालताना मी खोलीत नव्हतो, तेव्हा तुमचं काही अडलं नाही.

मी येत नाही. यंदा नाही, आणि कधी ते लिहीत नाही, कारण लिहिलं की तू वाट बघशील आणि मला ते नको आहे. पत्रंही आता नकोत. टपाल वर पोचवायला लागलीस की तुला वेळ होणार नाही, माझं पण काम वाढलंय, उस्तादाने मापांचं सगळं माझ्याकडे दिलंय.

एकच राहिलं. नव्या खोगिरातली लोकर सहा महिन्यांनी बसते. ती उसवून, पिंजून पुन्हा सारखी भरावी लागते, नाहीतर एवढं सगळं वाया. ते दादाच्या हातात देऊ नकोस. बाहेरचा कोणी चांगला कारागीर बोलाव, वर्षातून दोनदा, आणि तो काम करताना समोर उभी राहा. त्याला पैसे द्यावे लागतील. उन्हाळ्यात घरी यायचं म्हणून मी दर पगाराला थोडे बाजूला टाकत होतो. गाडीभाडं, दादाला चामडं कापायची एक नवी रापी, तुला एक शाल, असं काय काय डोक्यात होतं. आता ते लागणार नाहीत. मोजून बघितले, कारागिराला चार वर्षं बोलावता येईल. सगळेच पाठवतोय. आठशे साठ.